विजेट नको, आधी मथळे नीट करा

पत्र: खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी केली आहे. बीसीए झालंय, सध्या भावाच्या डीटीपीच्या दुकानात बसते. साइट मराठीत आहे, थोडा भाग कन्नड आणि इंग्रजीत. पुस्तकांची यादी, नवीन खरेदी, सभेच्या नोटिसा, सभासदत्वाचा फॉर्म असं सगळं घातलंय. आमचे एक जुने सभासद निवृत्त शिक्षक आहेत, त्यांची दृष्टी गेली आहे. घरी कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि मोबाइलवर टॉकबॅक हे पडद्यावरचं वाचून दाखवणारे प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर, वापरतात. त्यांनी साइट उघडली आणि मला फोन केला, “पोरी, तुझी साइट नुसती बोलूलालीय, सांगंना कायच.” समितीत विषय निघाला. अध्यक्ष म्हणाले, कोपऱ्यात ते माणसाचं चिन्ह असलेलं बटण बसवून टाक, अक्षर मोठं करतं, वाचूनही दाखवतं, वर्षाचे पैसे भरू. चिटणीसांचं म्हणणं, प्रत्येक पान कुणाच्या तरी आवाजात रेकॉर्ड करून टाकावं. असल्या बटणांतलं, म्हणजे विजेटांतलं, कोणतं चांगलं? आणि साइटचं रूप बदललेलं अध्यक्षांना चालणार नाही, तेही बघा. – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर:

ताई, कोणतंच नको. समितीचे पैसे राखून ठेवा, त्यांना दुसरं काम आहे, ते पुढे सांगतो.

वाचून दाखवणारं यंत्र गुरुजींकडे आधीपासून आहे. त्याचा आवाज त्यांनी निवडलाय, वेग त्यांनी ठरवलाय (सरावलेली माणसं इतक्या वेगानं ऐकतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द लागत नाही), कळा त्यांच्या बोटांत बसल्यात. त्यात तुमचं विजेट दुसरा आवाज सुरू करणार आणि दोघं एकमेकांवर बोलत राहणार. शिवाय विजेट वाचणार काय? तेच पान, ज्याला आतून आकार नाही. या धंद्यातले दावेही जपून घ्यावेत. आमच्या कृत्रिम बुद्धिमत्तेनं कुठलीही साइट नियमांत बसते, असं सांगत विजेट विकणाऱ्या एका कंपनीकडून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये १० लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश काढला. दावा खोटा आणि बिनपुराव्याचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

रेकॉर्डिंगबद्दल चिटणीसांचा हेतू चांगला आहे. कवितावाचनाचा एखादा विभाग काढा आणि त्यांनाच वाचायला बसवा. पण पुस्तकांच्या यादीला रेकॉर्डिंग काय कामाचं? ‘श’ची पुस्तकं ऐकायला ‘अ’पासून थांबायचं? आणि पुढच्या महिन्यात यादी बदलली की पुन्हा माईकसमोर.

आता गुरुजी तुमच्या पानावर फिरतात कसे, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला आपोआप सुचेल. आपण पान उघडलं की नजर टाकतो. मोठी अक्षरं कुठे, चौकट कुठे, फोटो कुठे, हे निमिषात कळतं, मग हवं तिथे थांबतो. गुरुजींना पान एकामागून एक येतं. त्यात उड्या मारायची सोय एनव्हीडीएत आहे: एच दाबलं की पुढचा मथळा, २ दाबलं की पुढचा दुसऱ्या पातळीचा मथळा, के म्हणजे पुढची लिंक, टी म्हणजे पुढचं टेबल, डी म्हणजे पानाचा पुढचा मोठा विभाग. इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबलं की लिंका नाहीतर मथळे यांची यादीच समोर येते. मोबाइलवर टॉकबॅकमध्ये वाचन नियंत्रणात ‘मथळे’ निवडून वर-खाली बोट सरकवलं की तेच घडतं. वेबएम ही अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठातली संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना गेली अनेक वर्षं प्रश्न विचारत आलीय. मोठ्या पानावर माहिती कशी शोधता, याला दहातली साधारण सात माणसं ‘मथळ्यांवरून’ असं उत्तर देतात.

पण उडी मारायला पाय ठेवण्यापुरती जागा हवी ना. तुमच्या पत्रावरून माझा अंदाज असा: पेज बिल्डरमध्ये ‘नवीन पुस्तकं’ हे शब्द तुम्ही साध्या परिच्छेदात लिहिलेत, मग ठळक केलेत, अक्षर ३२ केलंत, रंग लाल दिलात. डोळ्यांना तो मथळा झाला. एचटीएमएलच्या, म्हणजे पान ज्या खुणांच्या (टॅगांच्या) भाषेत लिहिलेलं असतं तिच्या, लेखी तो चारचौघांसारखाच परिच्छेद राहिला. गुरुजी एच दाबतात आणि एनव्हीडीए सांगतं, पुढे मथळा नाही. मग खाली जाणारा बाण धरून ओळ ओळ ऐकत बसणं आलं: लोगो, मेन्यू, पुन्हा मेन्यू, सरकणाऱ्या फोटोंचे आकडे, पाहुण्यांची नावं. वाचनालयाची वेळ कळायच्या आत चहा गार. तुमच्या वाचनालयात प्रत्येक कपाटावर ‘कादंबरी’, ‘चरित्र’, ‘बालवाङ्मय’ अशा चिठ्ठ्या असतील. त्या काढून टाका आणि सभासदाला सांगा, पहिल्या कपाटापासून एकेक पुस्तक काढून बघत या. गुरुजींना तुम्ही हेच करायला लावताय.

तेव्हा पहिलं काम मथळ्यांचं. पानाच्या विषयाला एच१, म्हणजे पहिल्या पातळीच्या मथळ्याचा टॅग, आणि तो एकच ठेवा. मुख्य भागांना एच२, त्यांच्या पोटातल्या भागांना एच३. मुखपृष्ठावर वाचनालयाचं नाव एच१ असू दे. ‘आजची वेळ’, ‘नवीन पुस्तकं’, ‘नोटिसा’ हे एच२. नवीन पुस्तकांत कादंबरी, चरित्र असे गट पाडले असतील तर ते एच३. यादीच्या पानावर मात्र एच१ म्हणजे ‘पुस्तकांची यादी’, पुन्हा वाचनालयाचं नाव नाही. खाली उतरताना पायरी गाळू नका: एच२ नंतर एकदम एच४ आला की ऐकणाऱ्याला वाटतं मधलं काहीतरी सुटलं. पातळी अक्षराच्या आकारावरून निवडू नका, एच३ दिसायला छान म्हणून एच३, असं नाही. उलटी चूकही फार दिसते. फोन नंबर मोठा दिसावा म्हणून त्याला एच२ देतात, समितीच्या प्रत्येक सदस्याच्या नावाला एच२ देतात, आणि मग मथळ्यांची यादी ऐकणाऱ्याला वाचनालय सापडायच्या आधी अख्खी कार्यकारिणी भेटते.

अध्यक्षांची काळजी इथेच मिटते. टॅगनं ठरतो पानाचा सांगाडा, रंगरूप ठरतं सीएसएसमध्ये. एच२ करा आणि तोच लाल रंग, तोच ३२ आकार त्याला द्या. अध्यक्षांना एक ठिपका हललेला दिसणार नाही. रूप बदलायचा प्रश्नच नाही, हे सभेत पहिल्या वाक्यात सांगा, कारण त्यांचा विरोध तिथेच आहे.

मथळ्यांसोबत पानाचे मोठे विभागही त्यांच्या खऱ्या टॅगांत ठेवा: वरची पट्टी हेडर, मेन्यू नॅव्ह, मुख्य मजकूर मेन, तळ फूटर. नुसत्या डिव्हमध्ये (काहीच अर्थ न सांगणाऱ्या चौकटीत) डिव्ह नको. मेन एकदाच. पानाच्या अगदी सुरुवातीला ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी लिंक ठेवा, टॅब दाबल्यावर ती दिसली पाहिजे. प्रत्येक पानाचं टायटल वेगळं हवं, कारण पान उघडताच पहिल्यांदा तेच ऐकू येतं. सगळ्या पानांवर ‘मुखपृष्ठ’ राहिलं असेल (फार साइटींवर राहतं) तर माणूस कुठे पोचला हे त्यालाच कळत नाही.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. साइटवर तीन भाषा आहेत आणि पान स्वतःबद्दल सांगतंय की मी इंग्रजी आहे. साइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये हे हमखास होतं: डॅशबोर्ड इंग्रजीत बरा वाटतो म्हणून माणूस साइटची भाषाच इंग्रजी ठेवतो. मग पानाच्या पहिल्या टॅगमध्ये लँग (भाषेची खूण) म्हणून इंग्रजी जातं आणि स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज पुढे करतो. त्या आवाजाच्या हाती देवनागरी आली की कुठे ओळच्या ओळ गाळली जाते, कुठे सुटी अक्षरं उच्चारली जातात. ‘नुसती बोलूलालीय’ यातलं निम्मं इथून आलेलं असणार. सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ पानावर साइटची भाषा मराठी करा. डॅशबोर्ड इंग्रजीच हवा असेल तर तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये तो वेगळा निवडता येतो. पानाचा लँग ‘एमआर’ झाला ना, हे ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडून बघा, काही थीम्स तिथे हट्टानं इंग्रजीच लिहून ठेवतात.

मग तालुका पंचायतीचं कन्नड पत्र तुम्ही जसंच्या तसं टाकता, त्या भागाला लँग ‘केएन’ द्या. इंग्रजी परिच्छेदाला ‘ईएन’. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज आहेत, खूण मिळाली की तो स्वतः भाषा बदलतो. त्याचा आवाज यंत्रासारखा आहे हे खरं, पण कन्नड कन्नडसारखं तरी ऐकू येतं. देवनागरी आहे म्हणून हिंदीचा ‘एचआय’ लावून मोकळं होऊ नका. ‘चमचा’ आणि ‘जहाज’ हिंदी वळणानं ऐकत बसायची शिक्षा मराठीच्या शिक्षकाला कशाला? गावांची, माणसांची नावं वाक्यात आली तर प्रत्येकाला वेगळी खूण देत बसू नका. वेब सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत विशेषनामांना तशी सूट आहे.

आणि भाषा बदलायच्या बटणांवर झेंड्यांची चित्रं नकोत. एक तर चित्र वाचता येत नाही. दुसरं म्हणजे बेळगाव जिल्ह्यात कुठल्या भाषेला कुठला झेंडा लावायचा, यावर तुमची समिती पुढच्या गणपतीपर्यंत बसेल. भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा आणि त्या लिंकला त्या भाषेचा लँग द्या.

यापेक्षा मोठं दुखणं तुमच्या दुकानातच असण्याची शक्यता आहे. पुस्तकांची यादी कधी काळी छापण्यासाठी श्रीलिपीच्या किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेली असेल आणि तीच पीडीएफ करून साइटवर चढवली असेल. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांची हीच गत, कन्नडमध्ये जुन्या नुडी आणि बरह फॉन्टांची तीच. त्या फॉन्टांत ‘क’ हा खरा ‘क’ नसतो. आत एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं, त्याच्यावर देवनागरीचं चित्र चढवलेलं असतं. डोळ्यांना मराठी दिसते, स्क्रीन रीडरला आतलं रोमन दिसतं आणि तो तेच इमानदारीनं वाचतो. ओळखायची युक्ती सोपी: यादीतली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी उमटली तर युनिकोड (ज्यात ‘क’ हा आतूनही खरा ‘क’ असतो), कचरा उमटला तर जुना फॉन्ट. कचरा असेल तर जगातलं कुठलंच विजेट ती यादी वाचणार नाही. गूगलवर शोधणाऱ्यालाही ती सापडणार नाही, म्हणजे तोटा डोळस सभासदांचाही आहे.

समितीचे पैसे इथे घाला. यादी युनिकोडमध्ये आणण्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यानंतर माणसानं नजर फिरवावी लागते: रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात, लेखकाच्या नावातला ळ भलतीकडे जातो. डीटीपीवाल्याला ही कामं अंगवळणी असतात. दुकान भावाचं आहे म्हणून फुकट करू नका.

यादी पीडीएफ न ठेवता पानावरच खऱ्या टेबलात मांडा. वरच्या ओळीतल्या रकान्यांना, म्हणजे क्रमांक, पुस्तक, लेखक, प्रकार यांना, टीएच हा रकान्याच्या मथळ्याचा टॅग द्या. पुस्तकाच्या नावालाही ओळीचा मथळा करा. मग गुरुजी कंट्रोल, आल्ट आणि बाण वापरून रकान्यारकान्यांतून फिरतील आणि प्रत्येक ठिकाणी ‘लेखक’, ‘प्रकार’ असं आधी ऐकू येईल. चौकटी एकत्र जोडू नका. एकाच लेखकाची पाच पुस्तकं असली तरी नाव पाचही ओळींत लिहा. दिसायला थोडं भरगच्च होईल, होऊ दे. यादी फार लांब असेल तर प्रकारानुसार तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यावर एच२.

नोटिसांचं थोडक्यात. वार्षिक सभेच्या नोटिशीचा मोबाइलवर काढलेला फोटो ही नोटीस नव्हे. मजकूर टाइप करा, हवा तर खाली फोटो ठेवा. इतर चित्रांच्या आल्टमध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात, चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा, ‘इमेज’ किंवा फाइलचा नंबर नको. नुसती सजावटीची वेलबुट्टी असेल तर आल्ट रिकामा ठेवा, पण आल्टच गाळून टाकू नका, नाहीतर काही वेळा फाइलचं नाव वाचलं जातं. ‘येथे क्लिक करा’ आणि ‘अधिक वाचा’ काढा. लिंकांच्या यादीत ते ओळीनं ऐकू येतात आणि कुठली लिंक कशाची ते कळत नाही. फॉर्ममध्ये चौकटीच्या आतलं फिकट ‘आपले नाव’ हे लेबल नव्हे, टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं. प्रत्येक चौकटीला जोडलेलं लेबल बाहेर हवं. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा असेल तर तो काढाच, त्या एका चित्रापायी गुरुजींचा अख्खा फॉर्म अडतो.

इंटरनेटवर शोधायला लागाल तेव्हा ‘एरिया’ नावाचे, स्क्रीन रीडरला जादा माहिती देणारे गुणधर्म तुम्हाला जागोजागी दिसतील आणि वाटेल, अरे, हेच तर औषध. हात आखडता ठेवा. बटणाला खरा बटण टॅग वापरला की त्याचं नाव, टॅबनं पोचणं, एंटर दाबल्यावर चालणं, सगळं आपोआप मिळतं. डिव्हला एरियाचा मुखवटा चढवून ते सगळं हातानं उभं करावं लागतं आणि एक जरी राहिलं तरी स्क्रीन रीडर धडधडीत खोटं सांगतो. साध्या वाचनालयाच्या साइटला साधं एचटीएमएल पुरतं.

कायद्याचं विचाराल तर तोही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४२ वं कलम माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेचं आहे, सरकारी साइटींसाठी जीआयजीडब्ल्यू ही नियमावली आहे, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण गावच्या वाचनालयाच्या सभेत कलमं काढू नका. अध्यक्ष लगेच ‘केस करणार काय?’ म्हणतील आणि विषय भलतीकडे जाईल. त्यापेक्षा लॅपटॉप घेऊन जा, एनव्हीडीए चालू करा, तुमचं आत्ताचं मुखपृष्ठ उघडा आणि अध्यक्षांनाच म्हणा, “साहेब, एच दाबा.” ‘पुढे मथळा नाही’ हे त्यांच्या कानांनी ऐकू दे. मग सुधारलेलं पान उघडून तेच करायला सांगा.

एनव्हीडीए विकत घ्यावं लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये ते सुरू केलं, जेम्स टेह हा तसाच दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. आजही ते मोफत आहे. विंडोजवर बसवा आणि त्यातला स्क्रीन कर्टन चालू करा, पडदा काळा होतो. स्क्रीन चालू ठेवून चाचणी केलीत तर तुमचे डोळे गुपचूप मदत करत राहतील.

तरीही तुमची चाचणी ती गुरुजींची चाचणी नव्हे. तुम्हाला पान पाठ आहे. पहिली सुधारणा झाली की त्यांच्याकडे जा, त्यांच्या कॉम्प्युटरवर, त्यांच्या आवाजात. ‘कशी वाटली साइट?’ असं विचारू नका. पोरगी कष्ट करून आलीय म्हटल्यावर कुठलाही मास्तर ‘छान आहे’ म्हणेल. कामं द्या: रविवारी वाचनालय उघडं असतं का ते शोधा, अमुक लेखकाची कुठली पुस्तकं आहेत ते सांगा, फॉर्म भरून पाठवा. आणि गप्प बसा. ते चुकीच्या लिंकेवर गेले की तुमची जीभ वळवळेल, वळवळू दे. ते कुठे अडतात, कुठे मागे येतात, कुठे ‘च्’ करतात ते लिहून घ्या. या बसण्याचं मानधन समितीनं त्यांना द्यावं, विजेटला देणार होते त्यातून. ते घेणार नाहीत कदाचित, पण विचारायला हवं.

जाताना त्यांना ‘सुगम्य पुस्तकालय’ माहीत आहे का, तेही विचारा. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठीचं ते ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं, त्यात भारतीय भाषांतली पुस्तकं आहेत. तुमच्या साइटवर त्याची लिंक असायला हरकत नाही, एका एच२ खाली.

कामाचा क्रम मी असा लावेन. साइटची भाषा आजच बदला, पाच मिनिटांचं काम आहे. मथळे आणि टायटल या आठवड्यात. त्यानंतर फॉर्म. यादीला महिने लागतील, म्हणून सगळी पूर्ण व्हायची वाट न बघता प्रकार प्रकार करून चढवा, आणि सुरुवात कुठून करायची ते गुरुजींना विचारा. उगाच कादंबऱ्यांपासून सुरू कराल आणि ते नाटकं वाचणारे निघतील. चिटणीस नोटिसा टाकत असतील तर त्यांना एक कोरा नमुना करून द्या, ज्यात मथळा आधीच एच२ आहे आणि खाली टाइप करायची जागा आहे. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो सरळ चिकटवायचं बटण त्यांच्या लॉगिनमधून काढता आलं तर काढा. रागावतील दोन दिवस.